डॉक्टर, पित्ताच्या इंजेक्शनआधी एक पट्टी काढा

प्रति,
गावोगावच्या आणि तालुक्याच्या ठिकाणच्या दवाखान्यांत बसणारे सर्व फॅमिली डॉक्टर

सप्रेम नमस्कार.

मी डॉक्टर नाही. जिल्ह्याच्या ठिकाणी एका हॉस्पिटलात गेली एकोणीस वर्षं ईसीजी काढते. तुम्ही त्याला ईसीजी म्हणता, जुने डॉक्टर कार्डिओग्राम म्हणायचे, आणि पेशंट म्हणतात पट्टी. मला पेशंटचाच शब्द जवळचा, म्हणून पत्रभर पट्टीच म्हणते. दिवसाला पंधरा-वीस पट्ट्या माझ्या हाताखालून जातात. त्यातल्या पुष्कळ अगदी सरळ, म्हणजे नॉर्मल, असतात. काही अशा निघतात, की कागद मशीनमधून पूर्ण बाहेर यायच्या आत मी सिस्टरला हाक मारलेली असते.

हे पत्र तुम्हाला लिहायचं कारण सरळ आहे. अटॅकचा पेशंट आधी आमच्याकडे येतच नाही, तो तुमच्याकडे येतो. आणि त्याच्या छातीत दुखत नसेल, तर तो तुमच्याकडे पित्ताचा पेशंट म्हणून येतो.

आधी माझ्या आईचं सांगते.

आमचं गाव पंढरपूरच्या वाटेवर. कार्तिकीला घरात दहा-बारा वारकरी उतरायचे. एकादशी झाली की दुसऱ्या दिवशी त्यांची बारस सोडायची, म्हणून आई पहाटे साडेतीनलाच चुलीपाशी गेली होती. वय त्रेसष्ट, साखरेचा त्रास अकरा वर्षांचा, गोळ्या नियमित. डाळ शिजत घातली आणि ती तिथंच भिंतीला टेकून बसली. भावजय उठून आली तेव्हा आईचा पोलका पाठीला चिकटला होता. कार्तिक महिना, बाहेर गारठा, आणि हिच्या कपाळावरून घाम निथळतोय. "पोटात कालवतंय गं, ढेकर आली की बरं वाटेल," म्हणाली. दोनदा उलटी झाली. ओवा दिला, लिंबू-साखरेचं पाणी दिलं. आदल्या दिवशीचा कडक उपवास, वर साबुदाणा, भगर, शेंगदाण्याची आमटी. पित्त होणारच, असं घरातल्या सगळ्यांनी म्हटलं. वारकऱ्यांतल्या एका म्हाताऱ्या बाईंनीही म्हटलं.

भावाने मला फोन केला. मी रात्रपाळी संपवून निघत होते. आईला फोन द्यायला सांगितला आणि पहिला प्रश्न विचारला, "आई, छातीत दुखतंय का?" ती म्हणाली, "नाही गं, छातीत काहीसुद्धा नाही." मला हायसं वाटलं. रोज पट्ट्या काढणाऱ्या मला हायसं वाटलं, हे मी विसरलेले नाही.

नऊ वाजता तिला गावातल्या डॉक्टरांकडे नेलं. मी त्यांचं नाव लिहिणार नाही. आमच्या घरची तीन बाळंतपणं, आजोबांचं शेवटचं आजारपण, माझा कावीळ झालेला महिना, सगळं त्यांनीच निभावलं. त्यांनी नाडी बघितली, बीपी बघितलं, पोट दाबून पाहिलं आणि विचारलं, "काकू, छातीत दुखतंय का?" ती नाही म्हणाली. "काल उपवास ना? पित्त खवळलंय." एक पित्ताचं इंजेक्शन, एक उलटीचं, एक सलाइन. दुपारी आईला बरं वाटलं. बारस सोडून वारकरी पुढे गेले.

संध्याकाळी तिला आडवं पडवेना. आडवी झाली की दम लागायचा. चार उशा पाठीशी घेऊन ती रात्रभर बसून राहिली, आणि कुणाला उठवायचं नाही म्हणून बोललीही नाही. सकाळी भाऊ तिला गाडीत घालून आमच्या हॉस्पिटलात घेऊन आला. पट्टी मीच काढली. लीड दोन, तीन आणि एव्हीएफ, म्हणजे पट्टीतल्या हृदयाच्या खालच्या भिंतीकडे बघणाऱ्या तीन रेषा. रेषा वर उचललेली आणि तिच्या आधी खोल खड्डे पडलेले. तो खड्डा म्हणजे क्यू वेव्ह, हे तुम्हाला सांगायला नको. हृदयाच्या खालच्या भिंतीचा अटॅक, चोवीस तासांहून जुना. हृदयाचं पंपिंग पस्तीस टक्क्यांवर आलेलं आणि एका झडपेतून गळती. त्यानंतर ती चार वर्षं होती. चुलीपाशी पुन्हा कधी बसू शकली नाही.

त्या डॉक्टरांच्या दवाखान्यात पट्टीचं मशीन होतं. टेबलामागच्या फडताळात, प्लास्टिकच्या कव्हराखाली.

ते कळलं तेव्हा मला राग आला, पण तो टिकला नाही. पुढे त्यांना भेटले तेव्हा ते खाली बघून म्हणाले, "तिने छातीत दुखतंय म्हणून सांगितलं असतं, तर मी पहिल्या मिनिटाला काढली असती." हे खरंच होतं. आणि त्यांच्या याच वाक्यामुळे हे पत्र त्यांच्या एकट्यापुरतं राहिलं नाही. आपण सगळ्यांनी अटॅकच्या दारावर एकच पहारेकरी बसवलाय: छातीत दुखतंय का? नाही म्हटलं की दार बंद.

हा पहारेकरी फार जुना. १७६८ साली लंडनमध्ये विल्यम हेबरडेन यांनी छातीतल्या या कळीचं जे वर्णन केलं, तेच थोड्याफार फरकाने आजही शिकवलं जातं. वर्णन खोटं नाही. बहुतेकांना तसंच होतं. पण सगळ्यांना होत नाही, आणि ज्यांना होत नाही ते थोडेथोडके नाहीत. अमेरिकेतल्या १,६७४ हॉस्पिटलांतल्या ४,३४,८७७ अटॅकच्या रुग्णांच्या नोंदी तपासून २००० साली एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातल्या ३३ टक्के लोकांच्या छातीत हॉस्पिटलात आले तेव्हा दुखतच नव्हतं. तिघांतला एक. ज्यांच्या छातीत दुखत होतं ते त्रास सुरू झाल्यापासून सरासरी ५.३ तासांनी पोचले, बाकीचे ७.९ तासांनी. हॉस्पिटलातच दगावले ते पहिल्या गटातले ९.३ टक्के आणि दुसऱ्या गटातले २३.३ टक्के. आता हे दुसऱ्या गटातले लोक वयाने जास्त होते, त्यांना इतर आजारही जास्त होते, त्यामुळे सगळा फरक उशिराच्या माथी मारता येणार नाही. पण त्यांना वेळेत उपचारही कमी मिळाले होते, कारण अटॅकचा संशयच उशिरा आला. २०१२ साली अशाच, अकरा लाखांहून जास्त रुग्णांच्या नोंदींतून दिसलं, की छातीत न दुखणाऱ्यांचं प्रमाण बायकांत ४२ टक्के आणि पुरुषांत सुमारे ३१ टक्के होतं.

हे आकडे परदेशातले, हे मला मान्य आहे. आपल्याकडचा एक आकडा मात्र मला जास्त छळतो. देशातल्या ५० शहरांतल्या ८९ हॉस्पिटलांत अटॅकच्या किंवा अटॅकच्या उंबरठ्यावरच्या २०,४६८ रुग्णांची नोंद झाली होती आणि ती २००८ मध्ये प्रसिद्ध झाली. त्रास सुरू झाल्यापासून हॉस्पिटल गाठेपर्यंतचा मध्यक वेळ, म्हणजे निम्म्यांना ज्याहून जास्त लागला तो वेळ, होता ३६० मिनिटं. सहा तास! दारात पोचल्यावर हृदयाच्या रक्तवाहिनीतली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन मिळायला पन्नास मिनिटं लागत होती. म्हणजे वेळ हॉस्पिटलात गेला नाही. तो घरात गेला, रस्त्यात गेला आणि काही प्रमाणात, राग मानू नका, तुमच्या बाकावर गेला. त्या रुग्णांचं सरासरी वयही साडेसत्तावन्नच होतं. घर चालवणारी माणसं होती ती.

अटॅकच्या काही खुणा तर मला अटॅक होऊन गेल्यावर सापडतात. मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी फिटनेससाठी म्हाताऱ्या माणसांची पट्टी काढतात. त्यात जुना अटॅक दिसतो. विचारलं तर म्हणतात, "मला कधी काही झालंच नाही." मग मी खोदून विचारते, वर्ष-दोन वर्षांत कधी अचानक खूप घाम येऊन अंथरूण धरलं होतं का? आणि हळूहळू आठवतं. "हां, भाचीच्या लग्नात. जेवणाचं पित्त झालं होतं, दोन दिवस पडून होतो." अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावात १९४८ पासून हजारो लोकांची दर दोन वर्षांनी तपासणी होत आली. तिथल्या १९८४ च्या अहवालात पुरुषांचे २८ टक्के आणि बायकांचे ३५ टक्के अटॅक असेच, नेहमीच्या तपासणीतल्या पट्टीवरून मागाहून कळलेले होते. त्यातल्या जवळजवळ निम्म्यांनी काहीच जाणवलं नसल्याचं सांगितलं. उरलेल्यांना काहीतरी झालं होतं, पण त्याला हृदयाचं नाव मिळालं नव्हतं.

हे असं का होतं, ते तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं जाणता. तरी हे पत्र पेशंटही वाचतील, म्हणून दोन ओळी. हृदयाची खालची भिंत पडद्याला, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधल्या स्नायूला टेकलेली असते. तिथं रक्त तुटलं की मळमळ, उलटी, उचकी, पोटात कालवणं, नाडी मंद होणं, असा सगळा पोटाचा तमाशा उभा राहतो. हृदयाच्या वेदनेचे धागे ज्या मज्जारज्जूत जातात तिथंच हाताचे, पाठीचे, मानेचे धागे येतात, म्हणून मेंदूला दुखण्याचं ठिकाण नीट कळत नाही. कधी दुखणं दाढेत, कधी दोन खांद्यांच्या मध्ये. मधुमेहाने वर्षानुवर्षं नसा बधिर झालेल्या असतील, तर पायाला खिळा टोचलेला कळत नाही, तसंच हृदयाचं. मग दुखणं येतच नाही, थेट दम लागतो किंवा घेरी येते. २०२३ च्या आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, पाहणीनुसार आपल्या देशात दहा कोटींहून जास्त लोकांना मधुमेह आहे. तुमच्या सकाळच्या ओपीडीतले किती असतील, ते तुम्हीच मोजा.

आता एक गोष्ट सांगते, ती पुस्तकात नाही. ती मला पट्ट्या काढता काढता कळली.

आपण विचारतो, "दुखतंय का?" आणि आपल्या बायका खरं उत्तर देतात, "नाही." कारण त्यांना जे होतं त्याला मराठीत दुखणं म्हणत नाहीत. दुखतं ते डोकं, गुडघा, कंबर. हे वेगळं असतं. "छातीत भरून आलंय." "गच्च झालंय." "कुणी आवळल्यासारखं." "पाठीवर दगड ठेवल्यासारखं." "जीव घाबरा होतोय." "हात गळून गेल्यासारखे." "आतून उन्हाळी लागल्यासारखं." एका आजीने मला सांगितलं होतं, "बाई, काळजाला मुंग्या आल्यात." तिच्या केसपेपरवर लिहून आलं होतं: छातीत दुखत नाही. आणि घाबरं होणं तर आपण सरळ भीती समजतो. "कशाला घाबरताय काकू? घरात काही टेन्शन आहे का?" असं विचारून झोपेची अर्धी गोळी दिली जाते. घाबरं होतंय म्हणजे ती घाबरलेली नसते. तिचं शरीर जे सांगतंय, तेच ती तुम्हाला तिच्या शब्दांत सांगत असते.

अमेरिकेतल्या हृदयरोग संघटनांनी २०२१ मध्ये ज्या नव्या सूचना काढल्या त्यात नेमकं हेच आहे. छातीतलं दुखणं म्हणजे फक्त दुखणं नाही, दडपण, आवळणं, जडपणा हेही त्यातच धरा. खांदा, हात, मान, पाठ, जबडा आणि पोटाचा वरचा भाग तिथला त्रासही त्यातच धरा. दम लागणं आणि अचानक गळून जाणं हेही लक्षात घ्या. आणि 'अटिपिकल', म्हणजे नेहमीसारखं नसलेलं, हा शब्द वापरणं सोडून द्या. संशय असेल तर पेशंट समोर आल्यापासून दहा मिनिटांत पट्टी काढून ती वाचली गेली पाहिजे. दहा मिनिटं. सलाइन लावून, बाटली संपेपर्यंत वाट बघून मग ठरवायचं, असं नाही.

म्हणून माझं मागणं एकच आहे. चाळिशी ओलांडलेला कुणीही, किंवा मधुमेह असलेला कोणत्याही वयाचा माणूस अचानक सुरू झालेल्या पित्ताची, घामाची, दम लागण्याची, घेरीची, जबड्याच्या किंवा पाठीच्या दुखण्याची तक्रार घेऊन आला, तर पित्ताचं इंजेक्शन भरण्याआधी एक पट्टी काढा. चाळिशीची रेघ माझी आहे, कुठल्या पुस्तकातली नाही. तुम्हाला ती पस्तिशीला ओढावीशी वाटली तर जरूर ओढा. किडनीचे पेशंट, डायलिसिसवाले, आधी लकवा होऊन गेलेले, ज्यांना बोलून सांगता येत नाही असे म्हातारे, यांना तर वयाची अटच नको.

आणि इंजेक्शनने बरं वाटलं म्हणून निश्चिंत होऊ नका. आईलाही दुपारी बरं वाटलं होतं. अटॅकचा त्रास आपोआप कमी-जास्त होतो, आणि उलटी थांबली की पेशंटला सगळंच बरं झाल्यासारखं वाटतं. पित्ताच्या औषधाने उतार पडणं हा हृदय ठीक असल्याचा पुरावा नाही.

तुमच्या अडचणी मला माहीत आहेत. तुमच्याकडून येणारे पेशंट त्या रोज माझ्यासमोर बोलून दाखवतात.

पहिली अडचण पैशाची. "पोट दुखतंय म्हणून गेलो तर डॉक्टरांनी छातीचं मशीन लावून अडीचशे रुपये काढले." गावात हे पसरायला एक दिवस पुरतो, आणि तुमची आयुष्यभराची अब्रू त्यावर टांगलेली असते. इथं मी पेशंटांनाही हात जोडून सांगते, सरळ पट्टी निघाली म्हणजे पैसे वाया गेले, असं धरू नका. मी काढलेल्या हजारो पट्ट्या सरळ होत्या आणि त्यातल्या एकाही पेशंटचं त्याने नुकसान झालं नाही. डॉक्टर, तुम्हीही आधी दोन वाक्यं बोला. "काकू, बहुतेक पित्तच आहे. पण तुम्हाला साखर आहे, म्हणून हृदय बघून घेतो." असं सांगितलं की कुणी नाही म्हणत नाही, हा माझा अनुभव आहे.

दुसरी अडचण आपण कुणी बोलत नाही. पट्टी काढायची तर छाती उघडी करावी लागते. दवाखान्यात एकटे डॉक्टर, मदतीला एक पुरुष कंपाउंडर, बाहेर गर्दी, मधे एक पातळ पडदा. समोर पन्नाशीची बाई, डोक्यावरचा पदर कधी न ढळलेली. डॉक्टरांना संकोच, तिला त्याहून जास्त. मग पट्टी राहते, किंवा ब्लाऊजच्या कडेला जमेल तिथं बल्ब, म्हणजे मशीनच्या वायरींची छातीला धरणारी रबरी टोकं, चिकटवून काढली जाते आणि ती चुकीची निघते. बायकांच्या पट्टीत पहिले दोन बल्ब फार वर लागलेले मी कितीदा पाहिलेत. ते चौथ्या बरगडीच्या फटीतच बसायला हवेत, आणि चौथा स्तनाच्या खाली, वर नाही. मी काय करते ते सांगते. बाईच्या सोबत आलेल्या लेकीला किंवा सुनेला आत घेते. पदर काढायला लावत नाही, तिच्याच पदराने छाती झाकून खालून हात घालते. आधी सांगते, "मावशी, जेली गार लागेल, शॉक वगैरे काही लागत नाही." हातातल्या बांगड्या काढायचा हट्ट धरत नाही. त्या वर सरकवून मनगटाला लाल आणि पिवळी क्लिप लावली की काम होतं. सवाष्ण बाईला बांगड्या काढायला सांगितलं की ती उठून घरी जाते, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. तुमच्या घरातली कुणी, शेजारची आशाताई, दवाखाना झाडायला येणारी मुलगी, कुणीही हे आठ दिवसांत शिकते. शिकवायला माझ्यासारख्या कितीतरी जणी प्रत्येक जिल्ह्यात आहेत. बोलावून तर बघा.

तिसरी अडचण वाचण्याची. तुमच्यातले बरेच जण बीएएमएस आहेत, बीएचएमएस आहेत, आणि पट्टी वाचायचा हात बसलेला नाही, असं मोकळेपणाने कबूल करतात. मला त्यात कमीपणा दिसत नाही. फोन आहे. पट्टीचा सरळ, उजेडात काढलेला फोटो तालुक्याच्या फिजिशियनला पाठवायला एक मिनिट लागतं. गोव्याने हेच सरकारी पातळीवर केलं. २०१८ पासून तिथल्या आरोग्य केंद्रांतल्या पट्ट्या ऑनलाइन तपासल्या जातात, आणि केंद्रं बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजशी जोडलेली आहेत. तमिळनाडूने २०२३ मध्ये प्राथमिक आरोग्य केंद्रांतच अटॅकच्या पहिल्या गोळ्या ठेवायला सुरुवात केली. आपल्याकडे सरकार काय करील, त्याचं पत्र मी वेगळं लिहीन. तुमच्या फोनसाठी कुठल्या जीआरची वाट बघायला नको.

आणि पट्टी सरळ निघाली तर? तर पेशंट लगेच घरी पाठवू नका. पहिली पट्टी नॉर्मल असलेले अटॅक मी पाहिलेत. त्रास चालू असेल तर पंधरा-वीस मिनिटांनी दुसरी काढा, मग तिसरी. खालच्या भिंतीचा संशय असेल तर उजव्या बाजूला लीड लावून काढा, हृदयाच्या मागच्या भिंतीचा संशय असेल तर पाठीवर. ट्रोपोनिन, म्हणजे हृदयाला इजा झाली की रक्तात वाढणारं प्रथिन, तपासणार असाल तर ते वाढायला तीन-चार तास जाऊ शकतात हे ध्यानात असू द्या. तासाभरातलं निगेटिव्ह ट्रोपोनिन घेऊन घरी गेलेला माणूस रात्री परत आलेला मी पाहिलाय. साखर तपासाच, पण घाम बघून साखर उतरली असेल एवढ्यावर थांबू नका.

पट्टीत काही दिसलं तर पुढचं तुम्हाला माहीत आहे. रक्तस्राव वगैरेची अडचण नसेल तर ॲस्पिरिन चावून खायला द्या. साधी गोळी म्हणून तिला कमी समजू नका. १९८८ साली सतरा हजारांवर रुग्णांवर झालेल्या चाचणीत एकट्या ॲस्पिरिनने पाच आठवड्यांतले हृदय आणि रक्तवाहिन्यांमुळे होणारे मृत्यू २३ टक्क्यांनी कमी झाले होते. मग १०८ ला फोन करा. मुलाच्या मोटरसायकलवर मागे बसवून, मधे चादर बांधून पाठवू नका. जिना चढायला लावू नका. कुठल्या हॉस्पिटलात गुठळी विरघळवणारं इंजेक्शन किंवा अँजिओप्लास्टीची सोय आहे, महात्मा फुले योजना कुठं चालते, त्याचे नंबर भिंतीवर आजच लिहून ठेवा. इंजेक्शनचा उपयोग साधारण बारा तासांपर्यंत, आणि खरा उपयोग पहिल्या दोन-तीन तासांत. आईच्या बाबतीत ते तास सकाळी साडेसहाच्या आत संपत आले होते, हे मी हिशेब करून पाहिलंय. पण नऊ वाजताही पट्टी निघाली असती, तर बरंच वाचलं असतं.

मी फक्त चुकलेलं सांगतेय असं वाटू नये. गेल्या पावसाळ्यात एक निवृत्त एसटी कंडक्टर हातात चिठ्ठी घेऊन आमच्याकडे आले. चिठ्ठी दातांच्या डॉक्टरांची. खालच्या जबड्यात, दोन्ही बाजूंनी दुखतंय म्हणून ते दाढ काढून घ्यायला गेले होते. त्या डॉक्टर मुलीने, वय असेल सव्वीस-सत्तावीस, दाढ ठोकून बघितली, गार पाणी लावून बघितलं. दाढ चांगली होती. मग तिने विचारलं, "काका, कधी दुखतं?" ते म्हणाले, "तुमचा जिना चढताना दुखलं, आता बसल्यावर थांबलं." तिने दाढेला हात लावला नाही. रिक्षा बोलावली, चिठ्ठी लिहिली: जबड्याचं दुखणं, श्रमाने वाढतं, कृपया तातडीने ईसीजी. पहिली पट्टी थोडीशीच बिघडलेली होती. दुसरी काढताना त्यांना पुन्हा त्रास सुरू झाला आणि माझ्यासमोर रेषा उचलली. चाळीस मिनिटांत ते कॅथलॅबमध्ये, म्हणजे अँजिओप्लास्टी करतात त्या खोलीत, होते. परवा फॉलोअपला आले तेव्हा भाचीच्या साखरपुड्याचे पेढे घेऊन आले होते. तिच्याकडे दवाखान्यात पट्टीचं मशीन नव्हतं. तिने फक्त एक प्रश्न जास्त विचारला होता.

आमच्या गावच्या डॉक्टरांनी आता मशीन फडताळातून काढून तपासणीच्या कॉटशेजारी ठेवलंय. सुनेला त्यांनी माझ्याकडे आठ दिवस शिकायला पाठवलं होतं. हात हलका आहे तिचा.

तुमच्याकडेही मशीन असेल, तर आज संध्याकाळी दवाखाना बंद करताना एवढं बघाल का? कव्हर काढा. चार्जिंग आहे का बघा. कागदाचा रोल शिल्लक आहे ना, जुना पिवळा पडलेला नाही ना, ते बघा. जेलीची ट्यूब दाबून बघा, सुकली असेल तर उद्या नवी आणायला सांगा. बल्बचं रबर चिरलेलं असेल तर ते छातीला धरत नाही. क्लिपांचे लाल, पिवळा, हिरवा, काळा हे रंग पुसून गेले असतील तर मार्करने पुन्हा करून घ्या. मग कंपाउंडरला कॉटवर झोपवा आणि एक पट्टी काढून बघा.

आपली नम्र,
एक ईसीजी टेक्निशियन